३६ अक्षरांत मावणारे धूसर चित्र

समाजमाध्यमांवर एखादे चित्र 'संवेदनशील' म्हणून धूसर केलेले असते आणि त्यावर बोट टेकवल्याशिवाय ते उघडत नाही, हे आता बहुतेकांच्या सवयीचे झाले आहे. असा धूसरपणा 'पुसून' आतले चित्र दाखवण्याचा दावा करणाऱ्या एका ॲपची जाहिरात अलीकडे माझ्या पाहण्यात आली. त्या धूसर चौकटीच्या मागे चित्र असतेच, असे गृहीत धरल्याशिवाय हा दावा करता येत नाही, आणि ते गृहीतकच तपासून पाहण्यासारखे आहे.

धूसर करण्याच्या दोन पद्धती आहेत. एका पद्धतीत मूळ चित्र तुमच्या फोनवर आलेले असते आणि ब्राउझर प्रत्येक पिक्सेलचा रंग शेजारच्या पिक्सेलांत मिसळून दाखवतो. धूसर करण्याची तेवढी सूचना काढली की चित्र जसेच्या तसे समोर येते. दुसरी पद्धत मॅस्टोडॉन हे मुक्त समाजमाध्यम २०१९पासून वापरते. तिचे नाव ब्लरहॅश, आणि ती तयार झाली फिनलंडमधील वोल्ट या घरपोच जेवण देणाऱ्या कंपनीत, पदार्थांची छायाचित्रे उतरेपर्यंत पडद्यावरची जागा मोकळी दिसू नये म्हणून.

१२०० बाय ९०० पिक्सेलच्या छायाचित्रात लाल, हिरव्या व निळ्या रंगांचे मिळून ३२,४०,००० आकडे असतात. मॅस्टोडॉनवर ब्लरहॅश त्यांतून अवघे ४८ आकडे काढते. पहिले तीन म्हणजे संपूर्ण चित्राचा सरासरी रंग. उरलेल्यांसाठी शाळेतला कोसाइन आठवावा : ०° ला त्याची किंमत १, १८०° ला उणे १. चित्राच्या डाव्या कडेला १ आणि उजव्या कडेला उणे १ येईल अशी कोसाइनची लाट चित्रावर पसरायची, प्रत्येक पिक्सेलच्या रंगाला तेथील लाटेच्या उंचीने गुणायचे आणि गुणाकारांची सरासरी काढायची. डावीकडे उजेडाची खिडकी आणि उजवीकडे अंधारा कोपरा असेल, तर उत्तर धन येते. एकरंगी भिंत असेल, तर डावी-उजवी बाजू एकमेकींना खोडतात आणि उत्तर शून्य येते. अशा आडव्या चार आणि उभ्या चार लाटा असतात, आणि दोन्हींतली पहिली सपाट असते; म्हणून त्यांच्या १६ जोड्यांपैकी एक म्हणजे ती सरासरीच. उरलेल्या १५ जोड्यांचे तीन रंगांत ४५ आकडे होतात.

हे आकडे ८३ चिन्हांच्या लिपीत लिहिले जातात. लाटेच्या प्रत्येक रंगाला १९ पायऱ्या दिलेल्या असल्यामुळे तीन रंगांच्या १९ × १९ × १९ = ६,८५९ शक्यता होतात, आणि ८३ चिन्हांच्या दोन अक्षरी जोड्या भरतात ६,८८९; म्हणजे फक्त ३० जोड्या वाया जातात. इतकी नेमकी बसलेली जोडणी पाहून मला आजही आनंद होतो. १५ जोड्यांची ३० अक्षरे, सरासरी रंगाची ४ आणि मापांची २, अशी ३६ अक्षरे पोस्टबरोबर येतात, फोन त्यांवरून रंगांचे ढग रंगवतो आणि त्यासाठी मूळ चित्राची गरज पडत नाही. या गणितामागचे डिस्क्रीट कोसाइन ट्रान्सफॉर्म बंगळूरमध्ये जन्मलेल्या नासिर अहमद यांना १९७२मध्ये सुचले. अमेरिकेच्या नॅशनल सायन्स फाउंडेशनने त्यासाठी निधी नाकारला, तरी १९७४मध्ये टी. नटराजन व के. आर. राव यांच्यासह त्यांनी ते प्रसिद्ध केले. पुढे जेपेग चित्रे त्यावरच उभी राहिली.

४८ आकड्यांतून ३२ लाख आकडे परत मिळवता येत नाहीत, कारण एकाच ढगाला असंख्य वेगवेगळी चित्रे लागू पडतात. कृत्रिम बुद्धिमत्तेचे नाव घेऊन विकली जाणारी ॲप्स फार तर त्यांपैकी एखादे कल्पनेने रंगवतील, आणि कोणा खऱ्या व्यक्तीच्या पोस्टवर असे कल्पित शरीर किंवा जखम चिकटवणे हा गंभीर अन्याय आहे.

'संवेदनशील' अशा इशाऱ्यांचा मनावर होणारा परिणाम मात्र अपेक्षेपेक्षा वेगळा निघाला आहे. १२ अभ्यास एकत्र करून २०२३मध्ये प्रसिद्ध झालेल्या विश्लेषणात आढळले, की इशारा वाचून पाहण्याआधीची अस्वस्थता वाढते, पण पाहिल्यावर होणारा त्रास कमी होत नाही. म्हणून इशाऱ्याला मी ढाल मानत नाही. पाहायचे की नाही हे ठरवायला तो एक क्षण देतो, आणि तो क्षण मला मोलाचा वाटतो. सरासरी रंग मात्र ३६ अक्षरांतही टिकून राहतो, त्यामुळे रक्ताने माखलेल्या रस्त्याच्या छायाचित्राचा ढगही लालसरच दिसतो, आणि जास्वंदीच्या फुलाचाही. हा फरक ढगावरून कळत नाही. तो कळतो पोस्ट करणाऱ्याने वर 'अपघात, रक्त' असे दोन शब्द लिहिले तरच.