ग्राफिक्स कार्ड ७० अंशांवर गेलं म्हणजे जळणार?

‘कार्ड ७० अंशांच्या वर गेलं की जळतं, म्हणून कॅबिनेटचं झाकण काढा आणि टेबल फॅन लावा,’ हा सल्ला वर्षानुवर्षं फिरतोय. तो चुकीचा आहे. ग्राफिक्स चिप बनवणाऱ्या एनव्हिडियानेच आपल्या आरटीएक्स ३०६० या कार्डाची कमाल तापमानमर्यादा ९३ अंश सेल्सियस दिली आहे. गेम चालू असताना ७०-८० अंश दिसणं नेहमीचंच. मर्यादेजवळ पोहोचलं की कार्ड स्वतःच वेग कमी करतं, तरीही नाही भागलं तर मशीन आपोआप बंद होतं. जळणं फार लांबची गोष्ट.

झाकण काढल्यावर तापमान दणक्यात उतरलं, तर समजा की हवा आत येण्याची वाटच तुंबली आहे. समोरची जाळी बघा, बहुतेक वेळा धुळीचा थर तिथेच सापडतो. ब्लोअर मारताना कार्डाच्या पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवा, नाहीतर ते भन्नाट फिरून बेअरिंगची वाट लागते. आणि हो, गेम न चालवता नुसता डेस्कटॉप उघडा असताना कार्डाचे पंखे थांबलेले दिसले तर घाबरू नका, बऱ्याच कार्डांत ती सोयच असते.

एवढं करूनही तापत असेल, तर आफ्टरबर्नर या कार्डाच्या सेटिंग बदलणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये पॉवर लिमिट, म्हणजे कार्डाने किती वीज ओढायची ती मर्यादा, ८० टक्क्यांवर आणा. गेममध्ये दर सेकंदाला दिसणाऱ्या फ्रेम थोड्याच कमी होतात, उष्णता मात्र चांगलीच उतरते. टेबल फॅन स्वतःसाठी ठेवा.