हार्टच्या नळ्यांचा एमआरआय करायला येताय? श्वासाचं तेवढं वाचून या

फोनवर आम्ही सांगतो साधारण तासभर लागेल, आणि मग कोणाचं पाऊण तासात उरकतं तर कोणी पावणेदोन तास आत असतं, बाहेर बसलेले घरचे घाबरतात, पुढचा पेशंट वैतागतो आणि रिसेप्शनवर ठरलेला प्रश्न येतो, "मशीन बिघडलं होतं का?" मशीन धडधाकट असतं हो. बहुतेक वेळा कारण एकच असतं, श्वास. बाकीचं माहितीपत्रक वरवर चाळलंत तरी चालेल पण श्वासाचा भाग नीट वाचा, त्यात तुमचाही वेळ वाचतो आणि आमचाही.

पण आधी दुसरा रोजचा प्रश्न. "ब्लॉकेज किती टक्के ते यात कळेल ना?"

टक्के हा अँजिओग्राफीचा हिशोब. तिथे नळीत डाय सोडतात, डायची रेघ जिथे बारीक होते तिथे ब्लॉकेज म्हणतात, म्हणजे दिसते ती आतली मोकळी वाट. प्लाक, म्हणजे चरबी वगैरेचा थर, साठतो तो नळीच्या भिंतीत, आणि गंमत अशी की सुरुवातीला नळी बाहेरच्या बाजूने फुगून त्याला जागा करून देते, आतली वाट आहे तेवढीच राहते. ग्लॅगोव्ह नावाचे संशोधक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मृत व्यक्तींच्या हृदयाच्या धमन्यांचे छेद तपासून १९८७ साली हे मांडलं, साधारण ४० टक्के जागा प्लाकने व्यापेपर्यंत वाट फारशी आकसत नाही. म्हणजे अँजिओग्राफी नॉर्मल आली तरी भिंतीत बराच माल जमलेला असू शकतो. आम्ही बघतो ती भिंत, त्यामुळे आमच्या रिपोर्टमध्ये टक्के शोधू नका, तिथे भिंतीची जाडी आणि प्लाकचा पोत याबद्दल लिहिलेलं असतं.

हे दिसतं कसं, तर एका पद्धतीत वाहत्या रक्ताचा सिग्नल मुद्दाम दाबून टाकतात, रक्त काळं दिसतं आणि भिंत राखाडी कड्यासारखी उठून येते. हार्टच्या नळ्यांच्या भिंती अशा जिवंत माणसात बघता येतात हे २००० साली दाखवलं गेलं. दुसऱ्या पद्धतीत काही प्लाक पांढरेशुभ्र चमकतात, कुठलंही इंजेक्शन न देता, आणि ती चमक बऱ्याचदा प्लाकच्या आत झालेल्या रक्तस्रावाची किंवा गुठळीची असते, कारण त्या साकळलेल्या रक्तातला बदललेला हिमोग्लोबिन एमआरआयला झगझगीत दिसतो. जपानमध्ये ५६८ पेशंटचा असा अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात जास्त चमकणारे प्लाक असलेल्यांना पुढे हार्टचा त्रास होण्याचं प्रमाण जास्त निघालं. आपल्याला हवं ते हेच, नळी किती भरली यापेक्षा भरलेला माल कसला आहे.

आता स्पष्ट सांगतो, तुमचा प्रश्न "मला ब्लॉकेज आहे का" एवढाच असेल तर आधी सीटी अँजिओग्राफी हाच रस्ता आहे, ती जास्त बारीक बघते आणि काही सेकंदांत होते. नळ्यांच्या भिंतीत साठलेलं कॅल्शियमही सीटीवरच मोजायचं, एमआरआयवर ते काळं दिसतं आणि धड मोजता येत नाही. प्लाकचा एमआरआय अजून मुख्यतः अभ्यासासाठी वापरतात, आमच्याकडे येणारे बरेचसे लोक कुठल्या ना कुठल्या संशोधनात सहभागी असतात, नाहीतर त्यांच्या हार्टच्या डॉक्टरांनी ठराविक शंकेसाठी पाठवलेले असतात. एमआरआयची जमेची बाजू म्हणजे यात क्ष-किरण नाहीत, म्हणून तोच माणूस पुन्हा पुन्हा तपासता येतो. चिठ्ठीशिवाय फोन करणाऱ्याला आम्ही आधी डॉक्टरांना विचारायला सांगतो, त्यात आमची काही अपॉइंटमेंट जातात, जाऊ देत.

तर, श्वास.

ज्या नळीचा फोटो काढायचाय ती २ ते ४ मिलिमीटरची, निरोगी भिंत १ मिलिमीटरपेक्षाही पातळ. ही नळी ज्या हार्टवर आहे ते प्रत्येक ठोक्याला उसळतं, आणि ते हार्ट टेकलंय श्वासपटलावर, म्हणजे छाती आणि पोटाच्या मधल्या स्नायूच्या पडद्यावर, जे शांत झोपून श्वास घेतानासुद्धा १ ते २ सेंटिमीटर वरखाली होतं. ठोक्याचा बंदोबस्त आम्ही छातीवर ईसीजीचे स्टिकर लावून करतो, दोन ठोक्यांमध्ये हार्ट क्षणभर निवांत असतं तेव्हाच, म्हणजे सेकंदाच्या दहाव्या हिश्शाच्या आसपास, मशीन माहिती गोळा करतं. (छातीवर केस असतील तर स्टिकरपुरते काढावे लागतात, त्यावरून वाद घालू नका प्लीज, स्टिकर सुटला की अर्ध्यातून तुम्हाला बाहेर काढावं लागतं.)

श्वासासाठी मशीन तुमच्या लिव्हरच्या वरच्या कडेवर नजर ठेवतं. आमच्या स्क्रीनवर ती कड लाटेसारखी वरखाली सरकताना दिसते, त्यावर आम्ही साधारण ५ मिलिमीटरची एक पट्टी ठरवतो, कड त्या पट्टीत असताना आलेला ठोका घ्यायचा, बाहेर असली की तो ठोका फेकून द्यायचा. झोक्यावरच्या बाळाच्या कानातली बाळी टिपायची असेल तर झोका दरवेळी एकाच जागी आल्यावरच क्लिक करावं लागतं ना, तसं.

आता हिशोब बघा. समजा एका चित्रासाठी ३०० चांगले ठोके हवेत आणि तुमची पल्स ६० आहे. श्वास एकसारखा असला आणि निम्मे ठोके पट्टीत पडले तर १० मिनिटांत काम होतं. तेच श्वास वेडावाकडा झाला आणि १०० पैकी १५ च ठोके कामी आले तर त्याच चित्राला ३३ मिनिटं लागतात, आणि अशी चित्रं एकापेक्षा जास्त काढायची असतात. वर इतका वेळ गेला की माणूस चुळबुळ करायला लागतो, हलला की पट्टी नव्याने ठरवा, पुन्हा सुरुवात.

आणि श्वास वेडावाकडा करणारे बहुतेक लोक आम्हाला मदत करायलाच जातात! कोणी आत गेल्यावर दीर्घ श्वसन सुरू करतो, शांत राहायचं म्हणून, की लिव्हरची कड पट्टीच्या पार खाली. कोणाला वाटतं खडखड आवाज सुरू झाला म्हणजे फोटो निघतोय, मग तो आपण होऊन श्वास रोखून धरतो, जमेल तेवढा, आणि मग धापा टाकतो, त्या धापांमधलं काहीच उपयोगाचं नसतं. आणि तिसरा प्रकार झोप. "डोळा लागला तर बरंच की, हलणार नाही" असं वाटतं, पण झोपेत श्वासाची चाल बदलते, कड हळूहळू सरकत पट्टी सोडून जाते, घोरणाऱ्याचं तर विचारूच नका. म्हणूनच "झोपेचं इंजेक्शन देऊन टाका ना" याला आम्ही सहसा नाही म्हणतो, ती आडमुठेपणाची गोष्ट नाही.

मग करायचं काय? काहीच नाही. सोफ्यावर टीव्ही बघताना घेता तसा श्वास घ्या, उथळ, एकसारखा, पोट हळू हलेल असा. जागे राहा, आम्ही मधूनमधून हेडफोनवर बोलतो ते त्यासाठीच, गप्पा मारायची हौस म्हणून नाही. मोजणी करू नका, मोजायला लागलं की श्वास बदलतोच.

फक्त काही चित्रांना आम्ही मुद्दाम श्वास थांबवायला सांगतो, तेव्हा सूचना असते "श्वास घ्या, सोडा, आता थांबा". थांबायचं आहे सोडल्यावर. थांबा ऐकलं की लोक सवयीने आणखी एक मोठा श्वास आत घेतात आणि छाती फुगवून बसतात, पाण्यात बुडी मारायची असल्यासारखे. श्वास सोडल्यावर पटल दरवेळी जवळपास त्याच जागी येतं, भरून घेतल्यावर दरवेळी वेगळीकडे, एवढंच कारण. रिकाम्या छातीने थांबणं सुरुवातीला विचित्र वाटतं, घरी झोपून चार-पाच वेळा करून बघा, दहा-बारा सेकंद जमले तरी पुष्कळ झालं.

याची प्रॅक्टिस आम्ही आत सरकवायच्या आधी टेबलवर करून घेतो. त्यामुळे आमच्याकडे दिवसाला पेशंट कमी होतात आणि अपॉइंटमेंट थोडी उशिराची मिळते हे मान्य आहे, पण अर्धवट धूसर चित्रं घेऊन तुम्हाला पुन्हा बोलवण्यापेक्षा हे परवडतं. नव्या पद्धतींमध्ये सगळे ठोके वापरून हालचाल नंतर कॉम्प्युटरवर दुरुस्त करता येते, वेळ वाचतो, पण श्वास एकसारखा असला की तिथेही चित्र जास्त स्वच्छ येतं.

बाकीचं पटकन. स्टेंट असला तरी एमआरआय करता येतो, हल्लीचे स्टेंट त्याला चालतात, पण स्टेंटच्या आतलं काही दिसत नाही, धातूमुळे तिथे काळा डाग येतो, तेव्हा स्टेंट तपासायला हा स्कॅन नाही. पेसमेकर, कानातलं इम्प्लांट, मेंदूतली क्लिप, शरीरात राहिलेला छर्रा, ग्राइंडिंग-वेल्डिंगच्या कामात डोळ्यात गेलेला कण, हे सगळं अपॉइंटमेंट घेतानाच सांगा आणि इम्प्लांटचं कार्ड सोबत आणा, कार्ड नसलं की कंपनी आणि मॉडेल शोधण्यात सकाळ जाते. औषधाचे पॅच लावले असतील तर तेही दाखवा, काहींच्या मागे धातूचा पातळ थर असतो आणि तो तापतो.

रोजच्या गोळ्या मनाने बंद करू नका, पल्स कमी ठेवणारी गोळी तर आवर्जून घ्या, हळू चालणारं हार्ट आमच्यासाठी सोन्यासारखं. नळ्या रुंद दिसाव्यात म्हणून काही वेळा जिभेखाली नायट्रेट देतो, तेव्हा सिल्डेनाफिल (व्हायग्रातलं औषध) किंवा तसली गोळी गेल्या एक-दोन दिवसांत घेतली असेल तर लाजू नका, सांगा, दोन्ही एकत्र झाली तर बीपी धोकादायक खाली जातं. किडनीचा त्रास असेल तर क्रिएटिनिनचा ताजा रिपोर्ट आणा, गॅडोलिनियमचं (चित्र उठून दिसावं म्हणूनचं) इंजेक्शन द्यायचं की नाही ते त्यावर ठरतं. आणि स्कॅनबरोबर अॅडेनोसिनची स्ट्रेस टेस्टही (औषध देऊन हार्टचा रक्तपुरवठा तपासायची) सांगितली असेल तर २४ तास चहा, कॉफी, कोला, चॉकलेट काही नको, औषधाचा परिणामच कॅफिन अडवतं.

शेवटचा प्रश्न, पुन्हा स्कॅन कधी? कोलेस्टेरॉलची गोळी सुरू करून तीन महिने झाले की लोक फोन करतात, प्लाक किती उतरला बघायचाय. थांबा जरा. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका एमआरआय अभ्यासात सिमव्हास्टॅटिन घेणाऱ्यांच्या महाधमनीत आणि मानेच्या धमन्यांत ६ महिन्यांनी काही फरक दिसला नव्हता, १२ महिन्यांनी भिंत पातळ झालेली दिसली आणि आतली वाट तेव्हाही जवळपास तेवढीच होती. म्हणजे तीन महिन्यांत स्कॅन करून आमचं बिल होईल, तुमच्या हाती काही लागणार नाही. तुमचे डॉक्टर सांगतील तेव्हाच या, पण येताना शक्यतो त्याच मशीनवर या, मशीन आणि सेटिंग बदललं की अर्ध्या मिलिमीटरचा फरक प्लाकचा की मशीनचा हे सांगता येत नाही. आधीचं सेटिंग आम्ही जपून ठेवतो, बाहेर केला असेल तर नुसता रिपोर्टचा कागद नको, सीडी आणा.