मुक्त व्यापार, खुल्या सीमा व जागतिक ऐक्य

देशादेशांतील जकाती उठल्या आणि माणसांना सीमा ओलांडण्याची मोकळीक मिळाली, तर जग हळूहळू एक होईल, हा गेली अडीचशे वर्षे वादात असलेला विचार. खरे तर यात दोन विचार मिसळले आहेत : मालाने सीमा ओलांडणे आणि माणसाने ओलांडणे. इतिहासात या दोन्ही गोष्टी क्वचितच जोडीने घडल्या, आणि या विषयातला बराच गोंधळ त्यांना एकच धरल्यामुळे झाला आहे.

फ्रेंच विचारवंत माँतेस्क्यू याने १७४८ मध्ये लिहिले, की व्यापाराचा स्वाभाविक परिणाम म्हणजे शांतता; एकाला विकायचे असते, दुसऱ्याला घ्यायचे असते, म्हणून दोघांनाही एकमेकांची गरज राहते. त्याच्या पुढचे वाक्य मात्र सहसा कोणी सांगत नाही : व्यापारवृत्ती राष्ट्रांना जोडते, पण माणसांना तशी जोडत नाही. जर्मन तत्त्वज्ञ इमान्युएल कांट याने १७९५ मध्ये परक्या भूमीवर आलेल्या माणसाला शत्रूसारखे न वागवले जाण्याचा हक्क मांडला. हा हक्क भेटीचा होता, कायम वास्तव्याचा नव्हे. कांटला एकच जागतिक राज्यही नको होते. स्वतंत्र राज्यांचा संघ हवा होता. इंग्लिश अर्थशास्त्रज्ञ डेव्हिड रिकार्डोने १८१७ मध्ये मुक्त व्यापाराच्या विचाराला हिशेबाचा आधार दिला. त्याच्या उदाहरणात पोर्तुगालला मद्य आणि कापड ही दोन्ही इंग्लंडपेक्षा कमी श्रमांत बनवता येतात. तरीही पोर्तुगालने मद्यावर भर देऊन कापड इंग्लंडकडून घेतले, तर फायदा दोघांचाही होतो.

ब्रिटनने १८४६ मध्ये आयात धान्यावरील जाचक कायदे रद्द केले. ते रद्द व्हावेत म्हणून झालेल्या चळवळीचा नेता रिचर्ड कॉब्डेन याला स्वस्त धान्याइतकीच शांततेची आस होती. १८६० चा ब्रिटन-फ्रान्स व्यापार करार त्याच्याच खटपटीतून झाला. पण याच काळात चीनची बंदरे तोफांनी उघडली गेली. अफूच्या व्यापारावरून पेटलेल्या युद्धानंतर १८४२ च्या नानजिंग तहाने चीनला पाच बंदरे खुली करावी लागली आणि हाँगकाँगवर पाणी सोडावे लागले. असा व्यापारही जग जोडतो, पण मालक आणि अंकित म्हणून. वसाहतवाद भोगलेल्या देशांना ‘मुक्त व्यापार’ या शब्दांविषयी जो संशय वाटतो तो इथून आला आहे, आणि तो रास्त आहे.

व्यापारातून ऐक्य येते या विचाराच्या बाजूने जर्मनीचा दाखला नेहमी दिला जातो : १८३४ मध्ये प्रशियाच्या पुढाकाराने अनेक जर्मन राज्यांचा जकात संघ, १८७१ मध्ये त्यांचे एकीकरण. मधले १८६६ साल विसरले जाते. त्या वर्षी बव्हेरिया, सॅक्सनी, हॅनोव्हर ही जकात संघातलीच राज्ये ऑस्ट्रियाच्या बाजूने प्रशियाशी लढली.

सर्वांत मोठा धक्का १९१४ च्या पहिल्या महायुद्धाचा. ब्रिटन आणि जर्मनी एकमेकांची मोठी गिऱ्हाइके होती. युरोपच्या बऱ्याच भागात पासपोर्टाशिवाय फिरता येत होते. (ही मोकळीक सर्वांना नव्हती, अमेरिकेने चिनी मजुरांना १८८२ मध्येच दार बंद केले होते.) ब्रिटिश लेखक नॉर्मन एंजेल याने ‘द ग्रेट इल्यूजन’ या पुस्तकात नुकतेच दाखवून दिले होते, की आधुनिक युद्धात जेत्यालाही काही मिळत नाही. युद्ध अशक्य आहे असे त्याने म्हटले नव्हते, निष्फळ आहे एवढेच म्हटले होते, आणि ते खरे ठरले. तोटा दिसत असला की माणसे लढत नाहीत, ही समजूत तेवढी कोसळली.

दुसऱ्या महायुद्धानंतर दोन वाटा निघाल्या. १९४७ मध्ये २३ देशांनी आयात शुल्के घटवण्यासाठी केलेला गॅट करार आणि त्यातून १९९५ मध्ये उभी राहिलेली जागतिक व्यापार संघटना ही पहिली. तिने आयात शुल्के खूप खाली आणली, पण माणसांच्या स्थलांतराला जवळजवळ हात लावला नाही. दुसरी वाट युरोपची. फ्रान्सचे परराष्ट्रमंत्री रॉबेर शुमान यांनी ९ मे १९५० रोजी फ्रान्स आणि जर्मनीचा कोळसा व पोलाद एका सामाईक अधिकाराखाली आणण्याचा प्रस्ताव मांडला. तोफा याच दोन वस्तूंपासून बनतात, म्हणून निवड त्यांची. १९५१ च्या करारात सहा देश आले. त्यांनी बाजारपेठ जोडली, शिवाय तिच्यावर निर्णय देणारे न्यायालयही सामाईक केले. युरोपच्या यशाचे श्रेय केवळ व्यापाराला देणारे हे न्यायालय विसरतात.

हे यश, आणि त्याची मर्यादाही, स्ट्रासबर्गमध्ये दिसते. ऱ्हाईनकाठचे हे शहर १८७१ ते १९४४ या काळात फ्रान्स आणि जर्मनी यांच्यात चार वेळा या हातातून त्या हातात गेले. २०१७ पासून तिथली ट्राम पूल ओलांडून काही मिनिटांत जर्मनीतल्या केल गावात जाते. डबा तोच, चलन तेच. देश नदीच्या मध्यावर बदलतो आणि एरवी प्रवाशाला ते जाणवतही नाही. मार्च २०२० मध्ये महासाथीमुळे सीमा बंद झाली, तेव्हा हीच ट्राम पुलाअलीकडे थांबू लागली. सप्टेंबर २०२४ पासून जर्मनीने आपल्या सर्व भूसीमांवर पुन्हा तपासणी सुरू केली.

उत्तर अमेरिकेने माल आणि माणूस यांना उघडपणे वेगळे केले. अमेरिका, कॅनडा आणि मेक्सिको यांचा मुक्त व्यापाराचा नाफ्टा करार १ जानेवारी १९९४ रोजी लागू झाला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये अमेरिकेने सॅन डिएगोजवळ ‘ऑपरेशन गेटकीपर’ सुरू करून सीमेवरचा पहारा वाढवला. मालाचे ट्रक नाक्यावरून जात राहिले. कागदपत्रे नसलेली माणसे वाळवंटाच्या वाटेला लागली आणि त्यांतली अनेक तिथेच मेली.

संयुक्त राष्ट्रांच्या अंदाजानुसार २०२४ मध्ये जन्मदेशाबाहेर राहणारे लोक सुमारे ३० कोटी होते, म्हणजे जगाच्या चार टक्क्यांहूनही कमी. सीमा खुल्या झाल्यास जगाचे उत्पादन प्रचंड वाढेल, असे मायकेल क्लेमेन्स यांच्यासारखे अर्थतज्ज्ञ मांडतात. अर्थतज्ज्ञ डॅनी रॉड्रिक यांचा आक्षेप राजकीय आहे : जागतिक बाजारपेठेशी पूर्ण एकरूपता, राष्ट्रीय सार्वभौमत्व आणि लोकशाही ही तिन्ही एकदम मिळत नाहीत. २०१६ च्या सार्वमतात ब्रिटनने युरोपीय संघ सोडण्याचा कौल दिला, तेव्हा प्रचारात सर्वांत तापलेल्या मुद्द्यांमध्ये माणसांची ये-जा होती.

आफ्रिकेत हे दोन प्रश्न एकाच बैठकीत पुढे आले. मार्च २०१८ मध्ये रवांडाची राजधानी किगाली येथे खंडव्यापी मुक्त व्यापार क्षेत्राच्या करारावर ४४ देशांनी सह्या केल्या आणि माणसांच्या मुक्त संचाराचा मसुदाही तिथेच सह्यांसाठी ठेवला गेला. व्यापार करार मे २०१९ मध्ये अमलात आला. संचाराच्या मसुद्याला १५ देशांची अंतिम मान्यता लागते. त्यानंतरच्या पाच वर्षांत ती जेमतेम चार देशांनी दिली.