सलाईन, सेप्सिस आणि पूर्व आफ्रिकेतली मुलं

‘डॉक्टर, फार अशक्तपणा आलाय, एक सलाईन लावा.’ हे वाक्य आपल्याकडे गावोगावच्या दवाखान्यांत ऐकू येतं. बाटलीतून ताकद चढते, हा समज पक्का बसलाय. प्रत्यक्षात त्यात असतं पाणी आणि लिटरमागे 9 ग्रॅम मीठ. या मीठपाण्याची खरी कसोटी लागली ती केनिया, युगांडा आणि टांझानियातल्या 6 रुग्णालयांत.

सेप्सिसमध्ये जंतुसंसर्गाशी लढताना शरीराचा तोल सुटतो आणि स्वतःचेच अवयव निकामी होऊ लागतात. अशा वेळी शिरेतून झपाट्याने द्रव द्यावा, असा श्रीमंत देशांतला शिरस्ता. केनियातल्या किलिफीत काम करणाऱ्या बालरोगतज्ज्ञ कॅथरीन मेटलंड यांनी आफ्रिकी आणि ब्रिटिश सहकाऱ्यांसह तो तपासला. ‘फीस्ट’ नावाच्या या चाचणीत तापाने गंभीर आजारी, रक्ताभिसरण मंदावलेली 3,141 मुलं होती. 2011 साली निकाल आला. झपाट्याने सलाईन दिलेल्यांपैकी 10.5 टक्के मुलं 48 तासांत दगावली, अल्ब्युमिन (रक्तातल्या एका प्रथिनाचं द्रावण) दिलेल्यांपैकी 10.6 टक्के, नुसतं सावकाश द्रव मिळालेल्यांपैकी 7.3 टक्के. चाचणी मुदतीआधीच थांबवावी लागली.

असं का झालं, हा मला यातला सगळ्यात विलक्षण भाग वाटतो. पहिला संशय फुप्फुसांत पाणी साचण्यावर होता. पण जास्तीचे मृत्यू प्रामुख्याने रक्ताभिसरण कोसळून झाले होते. आजारी शरीर हातापायांकडच्या रक्तवाहिन्या आवळून मेंदू आणि हृदयाकडचा पुरवठा राखतं. गार पडलेले हात ही त्या बचावाचीच खूण. एकदम द्रव ओतल्यावर ही पकड सैल होत असावी. शिवाय रक्तात क्लोराइड लिटरमागे सुमारे 100 मिलिमोल असतं, सलाईनमध्ये 154. क्लोराइड वाढलं की सोडियमशी असलेला विद्युतभारांचा ताळमेळ राखायला रक्ताची आम्लता आवरणारं बायकार्बोनेट घटतं आणि रक्त आम्लतेकडे झुकतं. त्यात हिमोग्लोबिन पातळ होतं. मलेरियाने आधीच रक्त कमी झालेल्या मुलाला हे कसं झेपणार?

मोठ्यांचं काय? झांबियातल्या लुसाकामध्ये अमेरिकी सहकार्याने सेप्सिसच्या 209 रुग्णांवर झालेल्या चाचणीचा निकाल 2017 मध्ये आला. बहुतेकांना एचआयव्हीची लागण होती. भरपूर द्रव आणि रक्तदाब वाढवणारी औषधं देणाऱ्या गटात 48.1 टक्के दगावले, नेहमीच्या उपचारांत 33 टक्के.

जुलाबाने सुकलेल्या मुलाला मात्र जलसंजीवनी किंवा गरजेनुसार सलाईन द्यायलाच हवं. तशी मुलं फीस्टमध्ये घेतलीच नव्हती.