लेथवरचे हातमोजे: ऑनलाइन प्रशिक्षण बाहेर का गेले?

चाकणजवळच्या एका कारखान्यात सुरक्षा प्रशिक्षणाचा कोर्स पाहत होते. पडद्यावरच्या कामगाराच्या डोळ्यांवर गॉगल, अंगात ओव्हरऑल, हातात मोजे, आणि समोर फिरतं लेथ मशीन, म्हणजे धातूचा तुकडा चकमध्ये पकडून फिरवत त्याला आकार देणारं यंत्र. शेजारी बसलेले ऑपरेटर काका म्हणाले, "मॅडम, फिरत्या चकपाशी मोजे घातले तर हात आत ओढला जातो. हे कुणी काढलं?" काढणाऱ्याने लेथ कधी जवळून पाहिलंच नव्हतं. रिव्ह्यूच्या तीन फेऱ्या झाल्या होत्या, तिन्ही एचआरच्या टेबलावर. चित्र बदलायला मूळ फाइल लागते, ती कोर्स बनवणाऱ्या बाहेरच्या कंपनीकडे होती, कारखान्याकडे नव्हती. शेवटी मॉनिटरच्या कडेला कागद चिकटवला: 'चित्रात मोजे आहेत. लेथवर घालू नयेत.'

ही वेळ एका दिवसात आलेली नाही.

संगणकावरून शिकवण्याची सुरुवात १९६० मध्ये अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठात, 'प्लेटो' या प्रणालीपासून धरतात. धडे लिहायला तिची 'ट्यूटर' नावाची स्वतंत्र भाषा होती. विषय शिकवणाऱ्या माणसाने ती भाषा शिकली, की धडा त्याचा त्यालाच लिहिता येई.

नव्वदच्या दशकात सीडी-रॉम आली आणि हे समीकरण बिघडलं. आता एका कोर्सला प्रोग्रामर, चित्रकार, आवाज देणारा, पटकथा लिहिणारा असा ताफा लागू लागला. कंपनीच्या ट्रेनिंग विभागात हे लोक नव्हतेच, म्हणून काम बाहेर गेलं. मुंबईत टाटा इंटरॅक्टिव्ह सिस्टिम्स १९९० मध्ये सुरू झाली. पुण्यातही असं काम करणाऱ्या कंपन्या उभ्या राहिल्या. इंग्रजी लिहू शकणारे पदवीधर आणि कलाशाळांतून शिकलेली मुलं इथे होती, पगार अमेरिकेच्या मानाने कमी होते, शिवाय सॉफ्टवेअर निर्यातीला आयकरात सवलत होती.

पण सातासमुद्रापार बनवलेला कोर्स गिऱ्हाइकाच्या प्रणालीत चालायचा कसा? ते 'स्कॉर्म'मुळे, म्हणजे कोर्स कुठल्याही प्रणालीत चालावा यासाठी ठरवलेल्या सामायिक नियमांमुळे जमलं. व्हाइट हाऊस आणि अमेरिकी संरक्षण खात्याने १९९७ मध्ये एडीएल (अ‍ॅडव्हान्स्ड डिस्ट्रिब्युटेड लर्निंग) हा उपक्रम हाती घेतला. एका प्रणालीसाठी बनवलेला धडा दुसरीत चालत नाही, म्हणून तोच पुन्हा बनवावा लागतो, हा खर्च त्यांना टाळायचा होता. त्यातून २००० मध्ये स्कॉर्मची पहिली आवृत्ती आली, २००१ मध्ये १.२, जी आजही सर्रास वापरात आहे. कोर्स म्हणजे एक झिप फाइल झाली. पुण्यात बनवा, ओहायोत अपलोड करा.

माझ्या मते पुढच्या दुखण्याचं मूळ या झिपमध्येच आहे. तिच्यात चालणारा कोर्स असतो, दुरुस्त करता येणारा नसतो. फ्लॅश या अ‍ॅनिमेशनच्या सॉफ्टवेअरच्या काळात गिऱ्हाइकाला एसडब्ल्यूएफ, म्हणजे फक्त चालणारी फाइल, मिळायची. एफएलए, म्हणजे मूळ फाइल, बनवणाऱ्याकडे राहायची, कारण करारात तिचा उल्लेखच नसे. २०१७ मध्ये अडोबीने फ्लॅश बंद करणार असल्याचं जाहीर केलं आणि ३१ डिसेंबर २०२० ला ते खरंच थांबवलं. ज्यांच्याकडे एफएलए होत्या त्यांचं काम सोपं झालं असं नाही, पण निदान चित्रं, संवाद, आवाज हाताशी होते. बाकीच्यांना पडद्यावरून मजकूर टिपून घेत सगळं नव्याने करावं लागलं.

तोवर वारं उलटंही फिरलं होतं. आर्टिक्युलेट कंपनीचं स्टोरीलाइन हे कोर्स बनवायचं सॉफ्टवेअर २०१२ मध्ये आलं. पॉवरपॉइंट येणाऱ्याला त्यात साधा कोर्स करता येतो, त्यामुळे बरंच काम कंपन्यांत परतलं. २०१८ मध्ये टाटा इंटरॅक्टिव्हचा व्यवसाय एमपीएस कंपनीने घेतला.

बाहेर काम द्यायला माझा विरोध नाही. माझं घर त्याच कामावर चाललं आहे. अ‍ॅनिमेशन, आवाज, भाषांतर खुशाल बाहेर द्यावं. स्टोरीबोर्ड, म्हणजे कोर्सचा चौकटी-चौकटींतला चित्र-मजकुराचा कच्चा आराखडा, मात्र प्रत्यक्ष काम करणाऱ्याच्या नजरेखालून गेल्याशिवाय पुढे पाठवू नये, आणि शेवटचा हप्ता मूळ फाइल उघडून पाहिल्यावरच द्यावा. आता मी मशीनवरच्या कोर्सचा स्टोरीबोर्ड छापून शॉपफ्लोअरवर नेते. काका चष्मा लावून एकेक चौकट वाचतात आणि चुकीच्या चित्रावर लाल पेनाने फुली मारतात.