साइड इंडिकेटर मडगार्डवर कसा आला

ठाण्यात जुनी पद्मिनी किंवा अ‍ॅम्बेसेडर जपणारे अजून आहेत, आणि पुढच्या मडगार्डवर साइड इंडिकेटर बसवून घ्यावा असं त्यांच्यापैकी अनेकांना वाटतं. घोडबंदर रोडवर गाडी काढली की कारण कळतं. दुचाकीवाला पुढच्या चाकाशी येऊन ठेपला, की त्याला आपला ना पुढचा दिवा दिसतो, ना मागचा.

खरं तर इशारा आधी बाजूनेच मिळायचा. चालक खिडकीतून हात काढायचा. मग ब्रिटिश आणि जर्मन गाड्यांत ट्रॅफिकेटर आले: दाराजवळच्या खांबातून विजेच्या चुंबकाने बाहेर येणारी, आतून उजळणारी पट्टी. शेजारून जाणाऱ्यालाही ती नीट दिसे. पण ती अडके, मोडे, बाहेर आली की कधी कधी आत जायचं नावच घेत नसे. अमेरिकेत ब्युइकने 1939 च्या मॉडेलवर लुकलुकणारे दिवे दिले. मॉरिस मायनर या ब्रिटिश गाडीवरची पट्टी मात्र 1961 पर्यंत टिकली. दिवे गाडीच्या कोपऱ्यांत गेले आणि बाजू मुकी झाली. मडगार्डवरचा बल्ब ही उणीव भरून काढतो, त्यामुळे त्याला शोभेची वस्तू म्हणणाऱ्यांशी माझं पटत नाही.

आपल्याकडे केंद्रीय मोटार वाहन नियम 1989 चे. इंडिकेटर अंबर रंगाचा आणि मिनिटाला 60 ते 120 वेळा लुकलुकणारा हवा.

जोडणी सोपी आहे: पुढच्या इंडिकेटरच्या वायरवरून फाटा घ्यायचा, दुसरं टोक बॉडीच्या पत्र्याला जोडायचं, म्हणजे अर्थ द्यायची. गोची होते फ्लॅशरपाशी, म्हणजे दिवा लुकलुकवणाऱ्या भागापाशी. जुना फ्लॅशर म्हणजे पत्र्याची डबी, आत करंटने तापणारी तार किंवा पट्टी. एका बाजूचे 21 वॅटचे दोन बल्ब, म्हणजे 12 व्होल्टवर साडेतीन अँपिअर, हे तिचं गणित. त्यात 5 वॅटचा साइड बल्ब आला की टिकटिक जराशी जलद होते, तेवढं चालतं. पण हौसेने सगळेच बल्ब एलईडी केले तर करंट इतका घटतो की आतली तार पुरेशी तापत नाही आणि लुकलुकणं थांबतं. तिथे इलेक्ट्रॉनिक फ्लॅशरच लागतो, आणि त्याला बहुधा अर्थची वेगळी वायर द्यावी लागते. साइड बल्बची अर्थ मात्र गंजलेल्या मडगार्डवर घेऊ नये. पहिल्याच पावसाळ्यात बल्ब मिणमिणायला लागतो.