कल्ला, पाणी आणि धातू

गोव्यात मासळी घेताना आपण आधी कल्ला उचलून बघतो. लालभडक दिसला की मासा ताजा. पाण्यातले बरेचसे धातूही याच कल्ल्यातून माशाच्या अंगात शिरतात. आणि किती शिरतील, हे नुसतं पाण्यात धातू किती यावर नाही, पाणी कसं आहे यावरही ठरतं.

हे समजलं ते थंड प्रदेशातल्या तळ्यांमुळे. जपानमधल्या मिनामाताची पाऱ्याची विषबाधा १९५६ मध्ये उघड झाली, पण तिथे कारखान्याचं सांडपाणी समोर होतं. पुढे जवळपास कारखाना नसलेल्या तळ्यांतल्या माशांतही पारा निघाला. १९६९ मध्ये येन्सेन आणि येर्नेलोव्ह या स्वीडिश संशोधकांनी दाखवलं, की गाळातले जिवाणू पाऱ्याचा मिथाइल पारा, म्हणजे त्याचं जास्त विषारी रूप, करतात. तो माशाच्या मांसातच बसतो. कितीही धुवा, तळा, जात नाही. दोनच वर्षं आधी स्वीडनच्याच स्वान्ते ओडेन या शास्त्रज्ञाने आम्लपावसाकडे लक्ष वेधलं होतं. ग्रॅनाइटवरच्या तळ्यांत चुना जवळजवळ नसतो, त्यामुळे तिथलं पाणी झटकन आम्लधर्मी होतं, आणि अशाच पाण्यातल्या माशांत पारा जास्त सापडतो. मातीतलं ॲल्युमिनियमही विरघळून येतं. ते कल्ल्यावर बसतं आणि मासा गुदमरतो. कॅडमियमची तर वेगळीच चोरवाट. कॅल्शियम आत घ्यायच्या वाटेनंच ते घुसतं. पाण्यात कॅल्शियम भरपूर असेल तर ही वाट बरीचशी अडते. पाण्याची आम्लता कमी करायला स्वीडनने हजारो तळ्यांत चुनखडीची भुकटी ओतली.

आपल्याकडे पारा नव्हे, लोह आणि मँगनीज. जांभ्यातून झिरपणारं पाणी मऊ, म्हणजे कॅल्शियम कमी असलेलं, आणि किंचित आम्लधर्मी. साळावली धरणाच्या पाणलोटात या दोन्हींच्या खाणी होत्या. गायिका मोगूबाई कुर्डीकरांचं कुर्डी गाव याच जलाशयाखाली गेलं. मे महिन्यात पाणी ओसरलं की देवळाचे अवशेष वर येतात. खोल पाण्यात तळाशी प्राणवायू संपतो, तेव्हा गाळातलं मँगनीज विरघळून पाण्यात उतरतं. हवा लागली की तपकिरी-काळा थर होऊन पुन्हा खाली बसतं. म्हणजे त्याच जलाशयात, त्याच दिवशी, वरचं आणि तळचं पाणी वेगळं.

२०१२ मध्ये खाणी थांबल्या, २०१८ मध्ये पुन्हा थांबल्या. खंदक मात्र पावसाच्या पाण्याने भरले. त्यांत मासे पाळायचे म्हटलं, तर फक्त धातू मोजलेला अहवाल मला अर्धाच वाटतो. आम्लता, कठीणपणा आणि तळाशी विरघळलेला प्राणवायू, हे तीन आकडेही त्याच कागदावर हवेत, आणि तेही उन्हाळ्यात वेगळे, पावसानंतर वेगळे.